सावरपाड्याची बेकायदा विहीर

नीरपर्व निधीच्या चेतनाताई पहिल्यांदा सावरपाड्याला आल्या तेव्हा एस्तेरने त्यांना आधी विहिरीवरच नेलं. विहीर म्हणजे तेव्हा नुसता खड्डा होता. नवापूरहून गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या डोंगरात हे गाव, आणि गावाने दोन उन्हाळे खपून झऱ्याच्या खालच्या अंगाला हा खड्डा खोदलेला. तळाला पाणीही लागलं होतं. पण कडा कच्च्या, पावसाळ्यात माती ढासळायची आणि निम्मं काम बुजून जायचं. आतून दगडी बांधकाम करून हवं होतं. पाण्याच्या नावाने देणग्या वाटणाऱ्या संस्थेकडे विहिरीचं बांधकाम मागण्यात एस्तेरला काही वावगं वाटलं नव्हतं.

चेतनाताईंनी खड्ड्यात डोकावून पाहिलं, फोटो काढला आणि आंब्याखाली बसून समजावून सांगितलं.

“आम्ही आता बांधकामाला निधी देत नाही. पूर्वी द्यायचो. आता आम्ही एक पायरी वर काम करतो, धोरणावर. एक विहीर एका गावाला पाणी देते, एस्तेरताई. एक चांगलं धोरण हजार गावांना देतं.”

शेजारी बसलेल्या सोमीकाकीने एस्तेरला त्यांच्या बोलीत विचारलं, देतेय की नाही?

“नाही,” एस्तेर म्हणाली.

काकी उठली आणि शेळ्या बघायला गेली. चेतनाताईंनी पाठमोऱ्या काकीचाही फोटो काढला.

विहिरीला दगड मिळाला नाही, पण एस्तेरला नोकरी मिळाली. ती बारावी झालेली, बचत गटाची अध्यक्ष. नवरा गेल्यापासून भात आणि तूर पिकवून दोन मुलींना शिकवत होती. मराठी, गुजराती, घरची बोली, तिन्हींत भांडता येत होतं. निधीला अशी बाई हवीच होती. तालुका समन्वयक असं नाव दिलं. एस्तेरने विचार केला, आत शिरलं की विहिरीचं बघता येईल.

नंदुरबारला निधीचं ऑफिस होतं. भिंतीवर भेगाळलेल्या जमिनीचं मोठं चित्र, त्याखाली कूलर, आणि कूलरशेजारी बाजारातून विकत आलेले पाण्याचे जार. इथे पाण्याला कोणी पाणी म्हणत नसे. जलसुरक्षा म्हणत, जलन्याय म्हणत, फार रंगात आले की जलभान म्हणत. गावातल्या बायकांना जलसाक्षर करायला पुण्याहून पोरी येत आणि थेंबाथेंबाचं मोल सांगणारं गाणं शिकवत. सावरपाड्याच्या बायका डोक्यावरचे हंडे उतरवून टाळ्या वाजवत. नंतर वडापाव मिळायचा, म्हणून.

या सगळ्याच्या वर उमाकांतदादा होते, निधीचे जिल्हा सल्लागार. शहाद्याच्या बाजूचे मोठे बागायतदार. शेतात ऊस, केळी, आणि बोअर इतके की नेमके किती ते त्यांनाच सांगता आलं नसतं. प्रत्येक पक्षात त्यांचा कोणी ना कोणी पाहुणा. निधीचं राजकारण्यांशी जे काही बोलणं व्हायचं ते त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच चहावर. चेतनाताई त्यांना ‘जमिनीवरचा माणूस’ म्हणायच्या. जमीन होतीच म्हणा, भरपूर होती.

विधानसभेच्या निवडणुका आल्या तशी निधीला झिंग चढली. सगळ्या उमेदवारांकडून सह्या घ्यायच्या म्हणून ‘जलजाहीरनामा’ लिहायला घेतला. त्यात मागण्या तीन. सपाटीवरच्या बोअरच्या उपशावर मर्यादा, उसाला ठिबकची सक्ती आणि डोंगरातल्या झऱ्यांच्या उगमाभोवती खोदकामाला बंदी. तिसरी मागणी चेतनाताईंना उपग्रहाचा नकाशा बघताना सुचली होती.

एस्तेरने ती वाचली आणि म्हणाली, “ताई, आमची विहीर झऱ्याच्या खालीच आहे.”

“अहो, ते विहिरींसाठी नाही. खाणी, रिसॉर्ट, असल्यांसाठी आहे.”

“मग तसं लिहा ना.”

“जाहीरनाम्यात इतकं लिहीत नाहीत. तपशील नंतर बसतात.”

एस्तेरने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. चेतनाताई तेव्हा फोनवर होत्या.

जलसभा नंदुरबारच्या एका मंगल कार्यालयात झाली. एस्तेर निळी सुती साडी नेसून आली होती, रविवारी प्रार्थनेला जाताना नेसायची ती. चेतनाताईंचा चेहरा पडला. त्यांनी एका पिशवीतून चांदीचे जाडजूड दागिने काढले आणि तिच्या गळ्यात घालायला सुरुवात केली.

“हे पावरा बायकांचे दागिने आहेत,” एस्तेर म्हणाली. “धडगावकडचे. आम्ही नाही घालत.”

“स्टेजवरून फरक कळत नाही.”

भाषणही पुण्याहून लिहून आलेलं. ‘मी सातपुड्याची लेक बोलतेय’ अशी सुरुवात. एस्तेरने सातपुडा एसटीच्या खिडकीतून पाहिला होता, तोही दोनदाच. पण महिन्याचा पगार घेत होती आणि अजून विहिरीची आशा होती, म्हणून दुसऱ्यांचे दागिने घालून ती दुसऱ्यांच्या डोंगराची लेक झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग उमेदवार एकेक करून आले आणि जाहीरनाम्यावर सह्या केल्या. एकाने चष्मा नव्हता म्हणून मधल्या चित्रावर सही केली. एकाने सही करून झाल्यावर उमाकांतदादांना विचारलं, कशावर केली म्हणून. दादा हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली. निधीने त्या दिवशी पेढे वाटले.

निवडणूक झाली. सही केलेल्यांपैकीच एक निवडून आला, ते साहजिकच होतं. सही न केलेला कोणी नव्हताच. आणि खरोखरच काही महिन्यांत आदेश निघाला. बोअरची मर्यादा आणि उसाचं ठिबक या दोन मुद्द्यांवर अभ्यास समिती नेमली होती, त्यात सदस्य म्हणून उमाकांतदादा. झऱ्यांभोवतीची खोदकाम बंदी मात्र ताबडतोब लागू.

सावरपाड्याला खाण नव्हती आणि रिसॉर्ट तर कोणाला ठाऊकही नव्हतं. होता तो एकच खड्डा. ग्रामसेवक नवल मोटारसायकलवर आला आणि खड्ड्याशेजारच्या खांबाला नोटीस चिकटवून बसला. मूळचा सपाटीचा, अहिराणी बोलणारा, स्वभावाने वाईट नव्हे.

“आदेश वरतून उना शे, ताई. आते हाई खड्डा बुजना पडी. मी काय करू?”

“भाऊसाहेब, पिण्याच्या पाण्याची विहीर आहे ही.”

“माले माहीत शे. पण कागदमा तसं नही.”

एस्तेर दुसऱ्याच दिवशी शहाद्याकडे निघाली. उमाकांतदादांच्या बांधावर पोचली तेव्हा उसात पाणी सोडलेलं होतं, सरीतून वाहून रस्त्यावर आलेलं. तिने चप्पल हातात घेतली आणि त्या पाण्यातून चालत ओसरीपर्यंत गेली.

“तुमच्या बोअरचं काय झालं, दादा?”

“मन्हा बोर जुना शेतस. जुना बोर त्यामा येतस नही.”

“आणि आमची विहीर?”

“ती नवी शे ना!” दादा मनापासून म्हणाले. आपण काही वाईट बोललो असं त्यांना वाटलंच नाही. उलट त्यांनी तिला चहा पाजला आणि निघताना केळी दिली. एस्तेरने केळी बसस्टँडवर एका म्हातारीच्या पदरात टाकली. घरी मुलींना ती नेववली नाहीत.

तिकडे निधीने ‘जलविजय सोहळा’ ठेवला. मुंबईहून देणगीदार येणार होते. एस्तेरने सत्काराला यायचं होतं. ती गेली. पिशवीतले दागिने तिने हातानेच बाजूला सारले आणि लिहून दिलेलं भाषण टेबलावर पालथं ठेवलं.

“मी सावरपाड्याची,” ती माइकवर म्हणाली. “सातपुडा माझा नाही. आम्ही दोन उन्हाळे विहीर खोदली. तुमच्याकडे दगड मागितला. तुम्ही म्हणालात, दगड देत नाही, धोरण देतो. दिलंत. त्या धोरणाने आमची विहीर बंद केली. ज्यांच्या बोअरवर मर्यादा घालायला जाहीरनामा काढला त्यांचे बोअर चालू आहेत, ते इथे पहिल्या रांगेत बसलेत. माझ्या काकीला हंडा घेऊन अजून ओढ्यापर्यंत उतरावं लागतं. तुम्ही आमच्या नावाने मागितलंत आणि आमच्यावरच आणलंत. मला सत्कार नको.”

सभागृहातले पंखे घरघरत होते. एस्तेरला वाटलं, आता हे लोक चिडतील. कोणी उठेल, माइक काढून घेईल, नोकरीवरून काढलं म्हणेल. त्यासाठी ती तयार होऊन आली होती.

चेतनाताई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी एस्तेरला मिठी मारली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळं सभागृह वाजवू लागलं. उमाकांतदादासुद्धा. मुंबईचे देणगीदार खुर्चीवरून उठून आले आणि म्हणाले, “किती अस्सल! हे दिल्लीपर्यंत गेलं पाहिजे.” कॅमेऱ्यावाला धावत आला. पंख्यांमुळे मधला आवाज नीट आला नव्हता.

“ताई, ‘तुमच्याकडे दगड मागितला’ इथपासून परत एकदा म्हणाल?”

एस्तेरने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच वाट बघत होता.

चेतनाताईंचं तोवर पुढचं ठरलंही होतं. धोरण झालं, आता धोरणाच्या अंमलबजावणीतल्या त्रुटींवर काम करायचं. तीन वर्षांचा प्रकल्प. चेहरा एस्तेरचा. “तुम्ही आम्हाला आरसा दाखवलात,” त्या तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या.

एस्तेरने हात सोडवून घेतला. शिवी द्यावी तर तीही हे लोक टिपून घेतील आणि मोठ्या अक्षरात छापतील, हे तिला कळून चुकलं. ती मागच्या दाराने बाहेर पडली. बाहेर जेवणाची पंगत मांडलेली होती, पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे ढीग लागले होते. नवापूरची गाडी मिळाली. नोकरी सोडली हे तिने दुसऱ्या दिवशी दोन ओळींच्या मेसेजवर कळवलं.

तिचा धाकटा भाऊ जोसेफ सोनगडला गवंडीकाम करायचा. थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. तिने फोन केला तेव्हा म्हणाला, “बाई, नोटीस आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“नोटीस खांबाला आहे. तू विहिरीचं बांधकाम कर.”

आधी ग्रामसभा बसली. आदिवासी गावांच्या पेसा कायद्यातलं गाव, सभेला तेवढा अधिकार होता, निदान तसं शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं तरी होतं. चर्चला जाणारी घरं आणि देवाला जाणारी घरं एकाच जोत्यावर दाटीवाटीने बसली. सोमीकाकी हात वर करून बोलली नाही, तशीच ओरडली, की पिण्याचं पाणी कोणाला विचारून प्यायचं नसतं. ठराव झाला. नवलने तो लिहून घेतला.

“वर धाडना पडी,” तो म्हणाला.

“धाडा,” एस्तेर म्हणाली. “आम्ही तोवर दगड लावतो.”

ओढ्यातला दगड बैलगाडीने आला. सिमेंट जोसेफने आणलं, गुजरातला मजुरीला गेलेल्यांनी आपापलं थोडंथोडं पाठवलं. जोसेफ आत उतरून थर चढवत होता, एस्तेर वरून पाटी सोडत होती. भर उन्हात तिचे तळहात सोलवटले, आणि ऑफिसातल्या कूलरखाली बसून काढलेल्या दिवसांची तिला मनस्वी चीड आली. नवल मधूनमधून येई, खांबाकडे बघे, विहिरीकडे बघे आणि जाताना बाटली भरून घेई. वरून अजून काही उत्तर आलं नव्हतं. नोटीस उन्हाने पिवळी पडली होती, रद्द मात्र झालेली नव्हती. कधीही कोणी येऊन विहीर बुजवू शकत होतं, हे गावाला माहीत होतं. तरी रहाट बसला.

उन्हाळा सरता सरता निधीची गाडी आली. चेतनाताई, कॅमेऱ्यावाला आणि एक नवीन पोरगी. त्रुटींवरची फिल्म करायची होती. बंद पडलेली विहीर, खांबावरची नोटीस, मागे रिकाम्या हंड्यांची रांग, असं सगळं त्यांनी ठरवून आणलं होतं. विहिरीवर येऊन बघतात तो बायका पाणी शेंदत होत्या, दोन म्हशी डोणीला तोंड लावून उभ्या होत्या, आणि सोमीकाकी काठावर कपडे आपटत होती.

“अरे वा,” चेतनाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. “म्हणजे… चालू झाली?”

“झाली.”

“छान. खूपच छान.” त्यांनी कॅमेऱ्यावाल्याकडे पाहिलं. त्याने कॅमेरा खांद्यावरून उतरवला. “एस्तेरताई, आसपास अजून कुठे बंद केलेली विहीर असेल का हो? जी अजून बंदच आहे?”

“मला माहीत नाही,” एस्तेर म्हणाली. “पाणी घेणार?”

चेतनाताई नको म्हणाल्या, त्यांच्याकडे बाटली होती. गाडी धूळ उडवत उतारावरून गेली.

“काय पाहिजे होतं त्यांना?” काकीने विचारलं.

“बंद विहीर.”

काकीने हातातलं लुगडं पिळलं, दोनदा झटकलं आणि दगडावर पसरलं. “कोरडी माणसं,” ती म्हणाली आणि पुढचं कापड हातात घेतलं.