खळ्याचा भराव

ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला पाठ लावून धर्मा उभा राहिला, तेव्हा खीळ काढायला वाकलेल्या साईनाथला आधी गंमतच वाटली.

"काका, बाजूला व्हा ना. पायावर पडंल."

धर्मा हलला नाही.

ट्रॉलीत सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे होते. मुरबाडकडे कुठलीशी शेड पाडली, तिथून साईनाथने, त्याच्या पुतण्याने, ते फुकट उचलले होते. भात झोडायच्या खळ्यात हे पसरायचे, चोपण्याने ठेचून चुरा करायचा, वरून शेणाने सारवायचं, की खळं भेगाळत नाही, असा शोध गावाला दोन वर्षांपूर्वी लागला होता. बायको शकू आणि शेजारची हिराबाई चोपणी घेऊन बसल्याच होत्या.

"नको," धर्मा म्हणाला. मग दम घेऊन, "धूळ वाईट."

"आन आमी काय एसीत बसतो?" हिराबाई हसत म्हणाली.

बावीस वर्षं धर्माने कारखान्यात हेच पत्रे कापले होते. मुंबईच्या डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरून 'अ‍ॅस्बेस्टॉस' हा शब्द दोनदा ऐकवला होता. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात रुततात, पुन्हा निघत नाहीत, आणि कळेपर्यंत वीस-तीस वर्षं जातात. एवढं समजावायला पाच मिनिटं तरी बोलावं लागतं. धर्माकडे एका दमात तीन शब्द असत. शिवाय गावाने निदान आधीच करून ठेवलं होतं: बिडी. त्याला कुणी ओढताना पाहिलं नव्हतं, म्हणजे चोरून ओढत असणार.

"अवो, सगल्यांच्या खळ्यात हाय," शकू म्हणाली. "लोकं हसतात."

"मनस्वी खेळंल... तिथं." चार वर्षांची नात. यापुढे शब्द पुरेनात. धर्मा खाली बसला आणि फाळक्याखाली सरळ आडवा झाला.

"आता वत."

हिराबाई हसायची थांबली. साईनाथने खीळ परत ठोकली.

"बरं. नेतो. उठा तुमी."

ट्रॅक्टर गेला. शकू चहा घेऊन आली. धर्माने तो निवू न देता प्यायला. एरवी दम घेता घेता चहा गार होई; असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

अर्ध्या तासाने साईनाथ रिकामी ट्रॉली घेऊन परतला. चेहरा खुललेला.

"वाया नाय घालवलं, काका. अंगणवाडीच्या दारात चिखल व्हता, तिथं वतलं. पोरं नाचतात त्याच्यावर. बाई बोलल्या, मनस्वीच्या आजोबांना थँक्यू सांगा."

धर्माने ट्रॉलीची कड धरली. पाय वर उचलेना.

"चढव मला."

"आता कुठं?"

त्या प्रश्नावर त्याने श्वास खर्च केला नाही. शकूकडे पाहिलं.

"पानी... धूळ भिजवायला."

शकूने पदर खोचला आणि न्हाणीतलं भरलेलं पिंप एकटीच ट्रॉलीकडे ओढू लागली.