पंजाभर फट

सोमवारी बाबा दवाखान्यात दाखल झाले आणि मंगळवारी सकाळी तिनं खुराड्याला हात घातला.

निघताना बाबांनी सूचना द्यायला सुरुवात केली होती. दारात गाडी उभी, काखेत रिपोर्टांची पिशवी, एक पाय गाडीत. "दाणा सकाळी, पाणी दोनदा. आणि ते डावीकडचं फळकूट आहे ना, त्याला जी फट आहे—"

"बाबा, जाळ्या न् फटींचं मला नका सांगू. बारा वर्षं तेच करतेय."

बाबांनी दुसरा पाय गाडीत घेतला. खोटं काहीच नव्हतं त्यात. ती खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होती. तिनं बसवलेल्या जाळीतून मांजराचं पिल्लूही आत गेलेलं नव्हतं. आणि त्या वेळी तिला बाबांशी वाद घालायचा नव्हता. हर्नियाचं ऑपरेशन एकदा पुढे ढकललं गेलं होतं. शेजारच्या तीन कोंबड्या भरदुपारी मुंगसानं नेल्या, तो गोंधळ ऐकून बाबांचं प्रेशर असं चढलं, की डॉक्टरांनी त्यांना ऑपरेशनच्या टेबलावरून परत पाठवलं. आता शुक्रवारची तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मनाला लागेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका."

म्हणून मंगळवारी तिनं कोंबड्यांचा किल्ला केला. दाराला दोन कड्या, खाली विटांचा थर, छपराला बारीक जाळी. डावीकडचं फळकूट बोटानं दाबलं तर भुसा गळला. त्याला उभी फट होती आणि फटीच्या पलीकडे बाबांनी फळांचं एक जुनं खोकं ठोकून वर पत्रा टाकला होता. खोक्याचा तळ कुजलेला. मुंगसाला याहून सोपी वाट कुठली? तिनं फळकूट आणि खोकं दोन्ही उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि तिथं अखंड पत्रा बसवला. बाबा घरी असले की कोंबड्या दिवसभर परसात मोकळ्या असत. आता लक्ष द्यायला कुणी नाही, म्हणून सहाही आत, कडी लावून. कामावर जाताना तिला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी चिमणीच्या मानेला रक्त होतं.

चिमणी म्हणजे सहांतली सगळ्यात लहान. अंड्यातून उशिरा निघाली तेव्हा बाबांनी तिला चपलांच्या खोक्यात, बल्बखाली, अकरा दिवस जगवलं होतं. बाबांचा रोजचा पहिला प्रश्न तिच्याबद्दलच असे.

"चिमणी कशी आहे?" बुधवारी संध्याकाळी त्यांनी फोनवर विचारलंच.

"मजेत. तुमचं प्रेशर?"

"ते मेलं वर-खाली करतंय. दाणा खाते ना ती?"

"खाते की."

फोन ठेवून ती परसात गेली आणि अर्धा तास गुडघ्यांवर बसून जाळीचा डोळा न् डोळा तपासला. कुठंच भोक नव्हतं. तरी तिनं तळाशी आणखी एक पट्टी ठोकली. गुरुवारी सकाळी पाहिलं तर मानेवरची पिसं गेली होती, कातडी लालभडक झाली होती आणि चिमणी कोपऱ्यात डोळे मिटून उभी होती. दाण्याला तिनं चोच लावली नाही.

कुंपणावरून नर्सकाकू बघत होत्या. मुंगसानं नेलेल्या त्या तीन कोंबड्या त्यांच्याच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी जखम दिसली की त्यांचा आवाज वॉर्डातला होई.

"पिसं कुठं पडलीत? आत की बाहेर?"

"आतच."

"बाहेर माती उकरलेली?"

"नाही."

"मग मुंगूस काय तिकीट काढून आत गेलं? मुंगसानं माझी एकही अर्धी सोडली नव्हती, बाई. हे काम घरातलं आहे." काकूंनी जांभळ्या औषधाची बाटली कुंपणावरून दिली. "मानेला लाव. लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात. आणि जरा बसून बघ. नुसते खिळे काय ठोकतेस!"

ती दुपारच्या सुट्टीत घरी आली आणि पाण्याच्या टाकीमागे बसून राहिली. थोड्या वेळानं हेडबाई हलली. तांबडी, थोराड, चालताना छाती पुढे काढणारी ही कोंबडी. नाव बाबांनीच ठेवलेलं. ती सरळ चिमणीकडे गेली आणि तिच्या मानेवर टोच मारली. इतर चौघी मागोमाग आल्या, जणू वर्गाला सुट्टी झाली.

चिमणी पळाली. पण दाराकडे नाही, पाण्याच्या भांड्यामागेही नाही. ती थेट डावीकडे, मंगळवारी बसवलेल्या नव्या पत्र्याकडे धावली आणि त्यावर आदळली. पडली, उठली, पुन्हा तिथंच आदळली. पत्रा ठण्ण ठण्ण वाजत होता.

बाबा सांगत होते ती फट! फट चिमणीपुरती होती. पलीकडचं खोकं तिची जागा होती. मुंगसाच्या भीतीनं तिनं त्या जिवाची एकुलती वाट बुजवली होती, आणि वर दोन कड्या लावून मारणाऱ्यांच्या हवाली केलं होतं.

तिनं चिमणीला उचलून कपड्यांच्या टोपलीत, मोरीत ठेवलं. पण तिथं ठेवून भागणार नव्हतं. दोन दिवस बाहेर राहिलेली कोंबडी कळपाला परकी होते, मग तिला जिवे मारतात, हे बाबांनीच कधी तरी सांगितलेलं. तिनं मालकाकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि वर्कशॉपमधून लोखंडी पेटी आणली. तिला हवेसाठी भोकं पाडली, मागं जाळी जोडली. ग्राइंडरच्या आवाजानं कोंबड्या बिथरतील, म्हणून पत्रा हातकरवतीनं कापला. किती रुंद? फळकूट तर कचऱ्यात गेलेलं. तिनं टेप लावून पाच इंच धरले. जखमी जीव आहे, जरा सैल असू दे.

सहाच्या सुमारास पेटी बसली. तिनं आत दाणा टाकला, चिमणीला फटीपाशी सोडलं आणि चिमणी फटदिशी आत शिरली. तेवढ्यात घरात ठेवलेला फोन वाजला.

"चिमणी कशी आहे?"

उद्या सकाळी ऑपरेशन होतं. डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात होतं. पण पाच इंच बरोबर की चूक, हे सांगणारा माणूस जगात एकच होता.

"बाबा, मी ती फट बुजवली होती."

पलीकडे वॉर्डातली ट्रॉली खडखडत गेली.

"जिवंत आहे?"

"आहे. मान सोललीय. आज पुन्हा पाडली मी फट. लोखंडी पेटी लावली मागं."

"किती पाडलीस?"

"पाच इंच."

"इंच कसले सांगतेस! पंजा, आडवा, अंगठ्यासकट. त्याच्या वर गेलं तर हेडबाई मावते. आणि त्या पेटीला दुसरं दार आहे का? हेडबाई शिरली तर चिमणी पळेल कुठून?"

नव्हतं. ती परसात धावली. हेडबाईचं डोकं आणि एक खांदा फटीतून आत गेला होता, पाय माती उकरत होते. आतून चिमणीचा चिरका आवाज येत होता. तिनं फोन दातांत धरला, कडी काढली, हेडबाईला दोन्ही हातांनी मागे ओढलं. हेडबाईनं मनगटावर कडकडून टोच मारली. तिनं तिला बखोटीला मारून उपड्या टोपलीखाली कोंडलं, कापलेल्या पत्र्याची पट्टी उचलली, फटीच्या कडेला लावली आणि वर्कशॉपमधल्या शिकंज्यानं आवळून धरली.

"कसला आवाज आहे तो? अगं, बोल!"

"हेडबाई." तिनं फोन कानाला लावला. "बाबा, पंजा कुणाचा? माझा की तुमचा?"

"तुझा घाल. सारखाच आहे."

तिनं फटीत पंजा घातला. अंगठा एका कडेला टेकला, करंगळीची बाजू दुसरीला. इकडे-तिकडे केसभरही जागा उरली नाही. आतल्या अंधारात तिला काही दिसेना.

"आता?" बाबांनी विचारलं.

"थांबा."

पलीकडे बाईचा आवाज आला, "आजोबा, फोन ठेवा, प्रेशर बघायचंय." "बघा की, हात मोकळा आहे," बाबा म्हणाले. पट्टा फुगल्याची घरघर तिला ऐकू आली. पेटीत अजून काही हललं नव्हतं.

मग पत्र्यावर बारीकसा टक आवाज झाला. थोड्यानं दुसरा.

"दाणा टिपतेय, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. मागून सिस्टरनं आकडा सांगितला, तो तिला नीट ऐकू आला नाही.

"किती आलं? चालेल ना उद्याला?"

"सकाळी परत बघणार म्हणतात," बाबा म्हणाले. "तू हात काढू नकोस एवढ्यात. तिला खाऊ दे पोटभर."