डावा हात पाठीमागं

मशीन चालू असताना डावा हात पाठीमागं, हा मारोतीचा नियम. एकाच हातानं काम केलं की करंट छातीतून जात नाही, म्हणायचा. आणि गेला कोण? तोच! दोन वर्षांपूर्वी, याच टेबलावर.

तेव्हापासून वणीतलं हे रिपेरिंगचं दुकान त्याची बायको इंदूबाई चालवत होती, पण बंद मशीनवर. सोल्डरिंग म्हणा, कंडेन्सर बदलणं म्हणा, सगळं यायचं. प्लग लावला की मात्र हात लटपटायचे. ते काम दीर राजदीप येऊन करायचा. परवा तो तोंडावर म्हणाला, "वैनी, करंटले हात लावता येत नसन तं दुकान मले देऊन टाका."

आज केळापूरच्या बापूजींचा जुन्या बाजारातून घेतलेला रेकॉर्ड प्लेअर आला होता. तबकडी मध्येच पळायची, मध्येच रेंगाळायची. मोटरच्या सर्किटवरचा फुगलेला कंडेन्सर इंदूबाईनं बदलला. रेंगाळणं गेलं, पण आता घोडं सुसाटच! स्पीडचा स्क्रू फिरवायचा तो तबकडी फिरत असतानाच, आणि या मशीनला ट्रान्सफॉर्मर नाही. भिंतीतला करंट थेट सर्किटवर. राजदीपला फोन लावायचं तिनं दोनदा ठरवलं, दोनदा फोन खाली ठेवला. मेले तरी चालेल, पण त्याचं बोलणं पुन्हा ऐकायचं नाही.

रबरी चप्पल घातली, डावा हात पाठीमागं पदरात गुंडाळला आणि बटण दाबलं. पेचकस स्क्रूच्या खाचेत बसेना. तबकडीच्या कडेवरचे ठिपके ट्यूबलाइटच्या उजेडात पळत होते. ते जागीच उभे दिसले की स्पीड बरोबर. एकदाची खाच सापडली. ठिपके मंदावले.

"इंदू, चहा घे वं." सासू मोतीबाई अगदी जवळ आली होती, हातात स्टीलचा गिलास. सून आज करंटवर बसली आहे, हे म्हातारीला काय ठाऊक!

गिलास घ्यायला डावा हात आपसूक पदरातून सुटला. लोखंडी रॅक कोपरापासून वीतभर.

"दूर सरा!" इंदूबाई अशी ओरडली की म्हातारीच्या हातून गिलास सांडला. हात पुन्हा पाठीमागं गेला. स्क्रूला जरासा वळसा, आणि ठिपके थांबले. तिनं प्लग उपटला आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली.

"आत्याबाई, त्या दिवशी म्या असाच चहा देल्ला त्याइले. घ्याले डावा हात पुढं केला, अन् कोपर रॅकले लागलं. कोणालेच सांगतलं नाही. म्याच मारलं त्याइले."

मोतीबाई तिच्याजवळ टेकली. सांडलेला चहा पदरानं टिपायला लागली.

"अन् तो चहा तुह्या हाती देल्ला कोनं? तू भाकरी करून राह्यली होती. 'थंडा होईन, जाय लवकर,' म्हणून मीच तुले उठोलं. तईपासून माह्या घशाखाली चहा उतरत नाही, बाई."

इंदूबाई आठवायला लागली. दोन वर्षं दुकानात रोज एकच गिलास यायचा, तिच्यापुरता.