ठिगळी आणि ताणलेली टेप

मी बोलतेय, दाराशेजारच्या हुकावर लटकून. घरी येणारा नवा माणूस माझ्याकडे बघून "अरे वा, गिटार" म्हणतो आणि घरातलं कोणीतरी लगेच "बेस गिटार" अशी दुरुस्ती करतं. फरक सांगायचा तर गिटार गाण्याच्या पुढे पुढे करते आणि मी मागे उभी राहून त्याला आधार देते. माझं काम नीट झालं तर माझ्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. चुकलं, तर मात्र नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

माझा जन्म एका जागी झालेला नाही. धड म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोडीत काढलेल्या टेबलाची फळी. पाठीवर अजून आम्लाचा डाग आहे आणि कोण्या कंटाळलेल्या मुलाने कर्कटकाने कोरलेली एक मिशी आहे, नुसतीच मिशी, चेहरा नाही. मान आली दुसऱ्या एका बेसची, जिचं धड ओल लागून उकललं होतं. चार खुंट्यांपैकी तीन एका घराण्यातल्या. चौथी उपरी, ती उलटी फिरते, त्यामुळे नवखा माणूस तार चढवायला जातो आणि उतरवून बसतो. आवाजाचं बटण एका मुक्या रेडिओचं आहे. इतके दिवस दुसऱ्यांचे आवाज लहानमोठे करून झाले होते बिचाऱ्याचे.

हे सगळं जमवलं आमच्या मेकॅनिकने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका यंत्राचा अवयव दुसऱ्याला बसवायचा हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि घरी आल्यावर हौस म्हणूनही तेच. मी त्याला अरेतुरे करते. ज्याने मला कानशीने घासलं, फुंकर मारून भुसा उडवला, त्याच्याशी अहोजाहो काय करायचं.

त्याची बायको शिवणकाम करते. मला पहिल्यांदा पाहून ती म्हणाली, "अहो, ही बाई आहे की ठिगळांचं पोतं?" तेव्हापासून मी ठिगळी. तिने ते नाव इतक्या मायेने घेतलं की मला कधी लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

तारा वरच्या टोकाला खुंट्यांना गुंडाळतात आणि खालच्या टोकाला ज्या धातूच्या तुकड्यावर टेकतात त्याला घोडी म्हणतात. घोडी कुठे बसवायची याला माप असतं. मानेवर आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. पडद्याशी बोट दाबलं की नेमका सूर निघतो, पण घोडी मापात असेल तरच. त्या दिवशी मेकॅनिकची पोलादी टेप कामावर राहिली होती आणि हात तर शिवशिवत होते. त्याने बायकोच्या गळ्यातली शिवणाची टेप ओढली, माझ्या अंगावर धरली, खूण केली आणि स्क्रू पिळून घोडी बसवली.

ती टेप वर्षानुवर्षं लोकांच्या छात्या आणि कमरा मोजून ताणली गेली होती. तिने दाखवलेलं माप खऱ्यापेक्षा लांब पडायचं. घोडी बोटभर खाली बसली. मोकळी तार छान वाजली. पण तो मानेवर जसजसा खालच्या पडद्यांकडे सरकला तसतसा सूर हवा त्यापेक्षा उतरत गेला. तो तोंड वाकडं करून बसला.

"पडदे खोटं बोलतायत," मशीन न थांबवता शिंपीण म्हणाली. तिचा कान फार तयार.

"पडदे नाही, तुझी टेप खोटं बोलतेय."

"माझ्या टेपला नावं ठेवू नका. एक तरी कपडा आजवर माघारी आलाय का?"

आलेला नव्हता. त्याने नंतर नवी टेप शेजारी धरून दाखवली तेव्हा तीही चकित झाली. पण नीट विचार केला तर नवल काहीच नव्हतं. ती माणूसही त्याच टेपने मोजायची आणि कापडही त्याच टेपने. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडा अंगाला चोख बसायचा. मला हे फार आवडलं होतं. अजूनही एकटी लटकलेली असले की मी त्यावर विचार करते.

घोडी हलवायची तर पुन्हा भोकं पाडावी लागणार होती. "लाकडाची चाळण होईल," मेकॅनिक म्हणाला. त्याला खरं तर कंटाळा आला होता. मग शिंपीणच म्हणाली, "खोटं बोलणाऱ्यांना काढून टाका की. तुम्हाला कान आहेत ना?" त्याने सगळे पडदे उपटले आणि त्या खाचांमध्ये तुटक्या कपाटाच्या दाराची पातळ साल चिकटवून घासून सपाट केली. माझी मान गुळगुळीत झाली. कुठे थांबायचं हे सांगणारं काही उरलं नाही. खाचांच्या फिकट रेघा होत्या, पण सूर त्या रेघांवर नव्हता, त्यांच्या जरा पुढे होता. किती पुढे, ते प्रत्येक जागी वेगळं. त्याने ते कानाने शोधलं आणि बोटांनी पाठ केलं.

त्याला जमायला बराच काळ लागला, आणि शेजाऱ्यांनी तो सोसला. पण जमलं तेव्हा माझा आवाज असा काही निघायला लागला की मीच माझ्या प्रेमात पडले. सूर एकमेकांत सरकत जायचे. आमचा चौघांचा वाद्यवृंद दर शनिवारी एका हॉलमध्ये लोकांच्या नाचाला वाजवायचा. ड्रमवाला म्हणायचा, "ठिगळी बोलायला लागली की मी नुसती मान डोलावतो." शिंपीण पहिल्या रांगेच्या कडेला बसून कोणाच्या तरी बाहीला टाके घालत ऐकायची. त्यांची मुलगी लहान होती, ती माझ्या रिकाम्या पेटीत झोपायची.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायला लागली. केसाएवढा फरकसुद्धा तिच्या डोळ्यांत खुपतो. आणि नेमके तिच्या बापाचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने, जशी खोली काळोखी होत जाते तसे. औषधाने फार तर ते जाणं लांबलं. लिफ्टचं काम सुटलं. शर्टाची बटणं चुकीच्या काजात जायला लागली. चहाचा कप शोधताना हात आधी टेबल चाचपायचा. या घरात एकच वस्तू अशी होती जी त्याला शोधावी लागत नव्हती, ती म्हणजे मी. मला मांडीवर घेतलं की त्याचे हात पुन्हा तरुण माणसाचे व्हायचे. हे सांगताना मला गर्व वाटतो, तो मी लपवत नाही.

मग ड्रमवाला आला. म्हणाला, तो जुना हॉल पाडणार आहेत, शेवटचा एक कार्यक्रम आपण करायचा. मेकॅनिक हो म्हणाला आणि त्या दिवशी त्याने जेवताना दोनदा मागून घेतलं.

लेकीच्या मनात आलं, बाबांसाठी काहीतरी करावं. माझ्या वायरी जुन्या झाल्या होत्या, बटण फिरवलं की खरखर व्हायची. वायरी बदलून आणते एवढंच बापाला सांगून ती मला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली. तिथला कारागीर भला आणि हुशार माणूस. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि त्याची भुवई वर गेली.

"घोडी चुकीच्या जागी आहे. ही इतकी वर्षं वाजली कशी?"

मुलगी ओशाळली. ज्या बाईचा दिवस बारीक मापांत जातो तिच्या घरातल्या वस्तूत अशी ढोबळ चूक. "सगळं बरोबर करून द्या," ती म्हणाली.

मी ओरडले असते, पण माझा आवाज कोणीतरी बोट लावेल तेव्हाच निघतो. त्याने वायरी आणि तारा नव्या घातल्या, घोडी उचलून योग्य मापावर बसवली, जुनी भोकं बुजवली, वरून असा सुरेख रंग दिला की जुनी जागा शोधूनही दिसू नये. त्याने काहीच वाईट केलं नाही. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक झाले.

घरी मेकॅनिकने मला मांडीवर घेतलं, तारा जुळवल्या. मोकळ्या तारा गोड लागल्या. मग त्याची बोटं आपल्या ओळखीच्या जागांवर गेली, रेघांच्या जरा पुढे. आणि सूर चढे निघाले. वरच्या भागात जेमतेम, खाली गेल्यावर उघड बेसूर. तो थांबला. पुन्हा वाजवलं. बोटं पँटला पुसली, पुन्हा वाजवलं. तारांखाली आवाज पकडणारी पिकअपची पट्टी असते, तिच्यावर अंगठा टेकवून वाजवायची त्याची सवय, घोडीला हात कधी लागायचाच नाही, तर ती सरकलीय हे त्याला कळणार कसं?

शिंपिणीने मशीन थांबवलं होतं. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिने उठून चहा ठेवला.

असे काही दिवस गेले. तो रोज घ्यायचा आणि रोज लवकर ठेवायचा. एका दुपारी त्याने मला ठेवताना माझ्या मानेवरून हात फिरवला आणि बायकोला म्हणाला, "ड्रमवाल्याला सांग, दुसरा कोणी बघ म्हणावं."

"असं काय करता. नव्या तारा आहेत, सवय होईल."

"तारा नाहीत गं. डोळे गेले तेव्हा मी काही बोललो नाही. म्हटलं, हात आहेत. आता हातही गेले."

ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या शर्टाची चुकलेली बटणं सोडून पुन्हा लावत राहिली. खोटं बोलून धीर देणं तिला जमेना, आणि खरं तिलाही तेच वाटत होतं. चूक त्याच्या हातांची नव्हती, माझ्या अंगात होती, आणि ते ठाऊक असलेली त्या खोलीत मी एकटीच होते. एवढी असहाय मी कधीच झाले नव्हते.

मुलगी संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच आईपाशी गेली. बाप आत पडला होता. ती हळू बोलत होती, पण मी दाराशेजारीच असते.

"आई, आज दुकानात एक आजोबा भांडायला आले. नवा चष्मा घालून जिना उतरता येत नाही, पायरी जवळ आल्यासारखी वाटते म्हणाले. मी नंबर तपासला, बरोबर होता. मग जुना चष्मा बघितला, तो चुकीचा. पण त्यांनी तो इतकी वर्षं घातलाय की त्यांचे पाय त्याच चष्म्याने चालायला शिकलेत."

"मग?"

"बाबा नेहमी चढेच लागतात ना? उतरलेले कधीच नाहीत ना?"

शिंपिणीने डोळे मिटून आठवलं. "कधीच नाहीत. हात गेलेल्या माणसाचं बोट कधी इकडे पडेल, कधी तिकडे." मग ती एकदम म्हणाली, "तू घोडी हलवलीस?"

"बरोबर करून आणली गं. चुकली होती म्हणून."

आईने कपाळावर हात मारला आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग सगळी कथा लेकीला सांगितली, टेपची, पडद्यांची, शेजाऱ्यांची. मुलीचा चेहरा बघवत नव्हता.

आता प्रश्न उरला तो जुन्या जागेचा. कारागिराने ती इतकी छान बुजवली होती की नखाला लागत नव्हती. मुलीने मला टेबलावर आडवं केलं आणि आपली बारीक पोलादी पट्टी काढली. आई म्हणाली, "ती ठेव." शिलाई मशीनचा खालचा खण तिने उपसला. बॉबिन, खडू, मोडकी कात्री, आणि तळाशी ती टेप, आकडे पुसट झालेली, कडा विरलेली. "कितीदा टाकायला काढली होती," ती म्हणाली. "यांनीच टाकू दिली नाही."

ज्या मापाने मी चुकले होते त्याच मापाने त्या दोघींनी मला पुन्हा मोजलं. बुजवलेल्या भोकांच्या ओळीतच स्क्रू आत गेले. मला दुखलं असेल, पण ते आठवत नाही.

मुलीने मला आत नेलं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं. "बाबा, एकदा."

"नको गं."

"एकदाच."

त्याने कंटाळून तारा जुळवल्या, उलट्या खुंटीशी नेहमीप्रमाणे थोडा झगडला, आणि मग त्याची बोटं खाली सरकली, जिथे सगळ्यात जास्त बिघडत होतं तिथेच. सूर लागला. त्याने तोच सूर परत वाजवला, मग त्याच्या खालचा, मग शनिवारचं ते संथ गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुलीने रडत रडत सगळं कबूल केलं.

"मला वाटलं मी संपलो," तो म्हणाला. मग तारांवर तळवा ठेवून, "पुढच्या वेळी विचार तरी गं बाई."

दोन दिवस तो तिच्याशी जरा तुटकच बोलला. मला ते रास्त वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने तिला हाक मारून शर्टाची बटणं लावून घेतली.

हॉलमधला तो शेवटचा शनिवार आम्ही वाजवला. भिंतींचा रंग उडाला होता, पंखा कुरकुरत होता आणि लोक नाचले. शिंपीण कडेला बसली होती, हातात टाके घालायला काही नव्हतं. कारागीरही आला होता, मुलीने बोलावलं होतं. तो माझ्या घोडीकडे बघत राहिला आणि नंतर तिला म्हणाला, "चुकीच्या जागी आहे." आणि टाळ्या वाजवत राहिला.

आता हॉल नाही. मेकॅनिकला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण दुपारी तो मला न चाचपता हुकावरून उतरवतो. कधीतरी तो नसेल आणि मी दुसऱ्या कोणाच्या हाती जाईन, हे मला माहीत आहे. तो जो कोणी असेल त्याला माझी एवढीच विनंती आहे. बाबा रे, माझं माप घेण्याआधी मला थोडे दिवस वाजवून बघ. आणि तरीही राहवलं नाही तर तुझी टेप खिशातच ठेव. माझ्या पेटीत, मला खांद्याला अडकवायच्या पट्ट्याखाली, एक जुनी टेप गुंडाळून ठेवलेली आहे. मला मोजायचं झालं तर तिनेच मोज.