चौथा बोर्ड

बेसमेंटच्या पायऱ्यांशी बुटांचा ढीग दिसला की पद्मिनीचं डोकं फिरायचं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या कडाक्याच्या थंडीतही खाली मोज्यांवरच जायचं, कारण नवऱ्याचा, शैलेंद्रचा हुकूम होता: कॉम्प्युटरच्या खोलीत बूट नाहीत. नागपूरच्या कॉलेजात एसी खोलीबाहेर बूट काढल्यावरच त्याला तिथला एकुलता एक कॉम्प्युटर लांबून पाहायला मिळाला होता. तेव्हा अंगात मुरलेली सवय शिकागोच्या बँकेत प्रोग्रॅमर झाला तरी सुटली नव्हती.

आणि इथला कॉम्प्युटर म्हणजे काय, तर तळहाताएवढा हिरवा बोर्ड. ना पडदा, ना कीबोर्ड. घरच्या पीसीवर चार ओळी लिहून केबलने त्यात उतरवायच्या, की त्याला जोडलेले बारके दिवे सांगू तसे लागायचे. मासिकातली जाहिरात पाहून तो मागवला तेव्हा शैलेंद्र छातीठोकपणे म्हणाला होता, "स्वस्त आहे, म्हणूनच घेतोय. आन्याला हवं ते करू दे. जळला तर जळला, पोरगी शिकेल."

नुसत्या बाता. बोर्ड घरात आला आणि जावयासारखा मिरवायला लागला. त्याच्यावर पद्मिनीच्या सुती ओढणीचं पांघरूण पडलं. आन्याला सायन्स फेअरसाठी ट्रॅफिक सिग्नल करायचा होता, पण तिच्या वाट्याला आलं फक्त बाजूला बसायचं स्टूल. "हात लावू नकोस, बाबा दाखवतो."

पहिला बोर्ड आठवड्यात जळला. मग दुसरा, मग तिसरा. दर वेळी शैलेंद्र वर येऊन तेच विचारायचा.

"आन्या, खरं सांग. तू टच केलास?"

"आय डिडन्ट, बाबा."

त्याचा विश्वास बसायचा नाही. तिसऱ्या वेळी ती सरळ आपल्या खोलीत निघून गेली. सायन्स फेअर शनिवारी होतं आणि पोरीने सिग्नलचं नावच टाकलं होतं. पद्मिनीला नवऱ्याचा इतका संताप आला की त्या दिवशी ती त्याच्याशी धड बोललीही नाही.

चौथा बोर्ड आला त्या संध्याकाळी ती ड्रायरमधले कपडे आणायला खाली गेली. कठड्याच्या लोखंडाला हात लागताच विजेचा बारीक चटका बसला. हीटरच्या कोरड्या हवेत असे चटके रोजचेच. समोर शैलेंद्र कार्पेटवर मोजे घासत येरझाऱ्या घालत होता. विचार करता करता त्याने बोर्डाशेजारच्या लोखंडी दिव्याकडे बोट नेलं, आणि अर्धवट अंधारात त्या बोटाच्या टोकाशी निळी ठिणगी उडालेली पद्मिनीला स्पष्ट दिसली.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"काय?"

"चाल, आणि या कठड्याला हात लाव."

त्याने लावला. चटका बसला तसा तो आपल्या मोज्यांकडे बघतच राहिला.

"बोर्ड तूच जाळलेस, तुझ्या अंगातल्या या विजेने," पद्मिनी म्हणाली. "आणि रोज पोरीला म्हणतोस, हात लावू नकोस. शैलेंद्र, तुझ्या आजोबांनी हेच वाक्य पाणवठ्यावर ऐकलं ना? आपल्या घरात ते परत कशाला आणलंस?"

तो बूट घालून, बोर्ड घेऊन वर गेला. किचनच्या फरशीवर टेबल ओढलं आणि आन्याला हाक मारली. ती आली, पण हात पाठीमागे बांधून उभी राहिली. ते बांधलेले हात पाहून शैलेंद्रचा चेहरा उतरला.

"सॉरी, बेटा. मीच जाळत होतो. आता तू कर."

"यू शुअर?"

"आधी सिंकला हात लाव, अंगातली वीज उतरू दे, मग कर."

आन्या वायरी जोडायला बसली. एक वायर उलटी लागली हे शैलेंद्रला दिसलं. त्याने दातांखाली जीभ दाबली. तिने पॉवर दिली. चट् आवाज झाला, धुराची बारीक रेघ निघाली आणि किचनभर करपट वास सुटला.

आन्या बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. पद्मिनीने बाह्या वर सारल्या. आता नवरा एक शब्द जरी बोलला असता तर त्याची खैर नव्हती.

शैलेंद्रने खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला आणि फोन तिच्यापुढे सरकवला.

"माझे तीन झाले, तुझा एक," तो म्हणाला. "शनिवारच्या आत पाचवा मागवू. ऑर्डर तू दे."