भरलेली चाकं

पुळणीवर गाडी चालवता येते म्हणून ते गाव नावाजलेलं होतं. चित्रासारखं आहे, असं जो तो सांगे. बापलेक पोहोचले तेव्हा मात्र आभाळ खाली उतरलं होतं, आणि दीर्घ दुखणाईतासारखा समुद्र नुसता कण्हत पडला होता.

वडिलांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. निवृत्तीनंतर नजर मंदावली. या वर्षात त्यांनी फाटकाचा खांब वाकवला, शेजाऱ्यांची स्कूटर आडवी केली, आणि दोष दिला तो खांबाला नि स्कूटरला. गाडी विकून टाकायची, असं आईने आणि ताईने ठरवलं. कधी चढ्या आवाजात न बोलणाऱ्या मुलाने भांडून एक संधी मागून घेतली: मोकळ्या पुळणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाबांनी नीट चालवली, तर किल्ली त्यांच्याकडेच राहील. निकाल त्यानेच द्यायचा होता, आणि वडिलांना ते ठाऊक होतं.

"परीक्षकसाहेब, पेपर सोपा काढा हं," ते वाटेत दोनदा म्हणाले. हसले एकदाच.

पुळणीच्या तोंडाशी पंक्चरवाल्याने चारही चाकांतली हवा कमी केली. "भरलेलं चाक वाळूत रुततं, काका. जरा पसरलेलं बरं."

आपलंच रक्त कोणी काढून घेत असावं, तसे वडील बघत राहिले. "कमी हवेची गाडी डेपोबाहेर काढणं म्हणजे उपाशी पैलवान आखाड्यात उतरवणं," ते पुटपुटले.

मुलगा पुळणीवर गाडी उतरवायच्या परवान्याची चिठ्ठी घेऊन परतला, तेव्हा वडील धापा टाकत पायपंप डिकीत ठेवत होते. चाकं पुन्हा टणक झाली होती. मुलाने पाहिलं, पण त्या घामेजलेल्या चेहऱ्यावर इतकं जुनं समाधान होतं की तो शेजारच्या जागेवर जाऊन बसला.

ओल्या, घट्ट वाळूवर गाडी लोण्यासारखी चालली. वडिलांचे खांदे सैलावले. गियर कधी बदलला तेही कळेना. निम्मी पुळण मागे पडली आणि मुलाने मनातल्या मनात आईला सांगायची वाक्यं जुळवायला घेतली. तेवढ्यात एक लाट लांबवर आत आली. तिला टाळायला वडिलांनी गाडी कोरड्या वाळूत घातली, आणि पुढची चाकं बसली. त्यांनी जोर दिला, तशी ती आणखी खोल गेली.

भरती चढत होती. दोघे उतरून चाकांपुढची वाळू हातांनी उपसू लागले. पुळणीवरचा ट्रॅक्टरवाला दोरखंड घेऊन आला तो करवादतच.

"कोणत्या शहाण्याने हवा भरली? गाडीवर कोण होतं?"

"मी," मुलगा पटकन म्हणाला.

"अक्कल गहाण ठेवलीस का? आणि काका, तुम्ही तरी चार शब्द सांगायचे पोराला!"

वडिलांनी मान खाली घातली. गाडी ओढून निघेपर्यंत ती वर आली नाही.

ट्रॅक्टर वळून मागे थोडा दूर थांबल्यावर ते म्हणाले, "दोनदा अपघात झाले नोकरीत. दोन्ही वेळा कागदावर माझंच नाव होतं. कंडक्टरच्या माथी कधी काही मारलं नाही मी."

"बाबा, मी फक्त..."

"कळलं रे. नापास केलंस, आणि वर पेपरही लपवलास." आवाजात राग नव्हता, तो असता तर मुलाला बरं वाटलं असतं. "तू खोटं बोललास ते जाऊ दे. मी ऐकून घेतलं. गाडीवरच्या माणसाने असं ऐकून घ्यायचं नसतं."

किल्ली मुलाच्या हातात देऊन ते वाळू तुडवत ट्रॅक्टरच्या दिशेने निघाले. मुलगा चालकाच्या जागी बसला. आरशात दोन लहान आकृत्या समोरासमोर उभ्या दिसत होत्या. बोलणं वाऱ्याने पलीकडे नेलं. मग ट्रॅक्टरवाल्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मुलाने नजर आरशातून काढून घेतली.

ते परतले, शेजारच्या जागेवर बसले. मुलाने गाडी सुरू केली. त्या बाजूला क्लच नव्हताच. तरी वडिलांचा डावा पाय तो शोधत हलकेच पुढे सरकला, थांबला, आणि मागे आला.