डोंगी चांगली आहे

माणूस डोंगीत, त्या लहान लाकडी नावेत, पाय कसा टाकतो, यावरून नावाडी बाबुलाल त्याची किंमत करायचा. फॉरेस्टचा गार्ड आधी काठी टाकायचा, मग पाय. बाजाराला निघालेल्या बाया आधी टोपली ठेवायच्या. पुण्याहून आलेल्या निशांतनं बूट काढून हातात घेतले आणि ते कुठं ठेवू, असं बाबुलाललाच विचारलं. विचारून पाय टाकणारा माणूस फसवायला सोपा, अशी बाबुलालनं मनात नोंद केली.

निशांतचं म्हणणं साधं होतं. पावसाळ्यात पलीकडच्या माडिया गावांतला आजारी माणूस अहेरीच्या दवाखान्यात पोचत नाही. तर घाटावर इंजिनाची बोट ठेवायची. थोडं गावांनी द्यायचं, बाकी संस्थेनं. पण बोट ज्यांच्यासाठी, त्यांना आधी विचारायचं, हा त्याचा नेम. आपल्याच कल्पनेच्या प्रेमात पडायचं नाही, असं तो वाटेत दोनदा म्हणाला. गोंडी त्याला येत नव्हती. बाबुलाल अलीकडच्या ढिवरांचा, मासेमाऱ्यांचा, पण दोन्ही काठांवर खेळून वाढलेला. तोच दुभाष्या झाला. ज्याचं पोट या घाटावर, त्यालाच घाट मोडायच्या चौकशीला सोबत घेतलं.

पलीकडची गावं बाबुलालला भाडं देत नसत. सुगी झाली की घरटी धान देत, आजापासूनचा हक्क. इंजिन आलं की धान बंद, हे त्याला इंजिनाचा आवाज न ऐकताच कळलं होतं.

खोटं बोलायची फारशी गरजही पडली नाही. त्या काठाची रीतच होती, जिच्यात बसून नदी उतरायची तिला नावं ठेवायची नाहीत. नदी ऐकते, आणि वसूल करते. निशांत अंगणोअंगणी अडचण विचारत फिरला आणि गावातल्या जाणत्या लच्छूपासून सगळे म्हणाले, डोंगी चांगली आहे. बाबुलाल शब्दाला शब्द लावून सांगत गेला. इतका इमानदार दुभाष्या निशांतला पैसे मोजूनही मिळाला नसता.

अडलं ते बुधरीच्या अंगणात. मोहाची फुलं पसरता पसरता ती गोंडीत सरळ बोलून गेली.

"पुरात डोंगी काही कामाची नाई. माझी करिश्मा पोटुशी आहे. इंजिन आणत असान तर पावसाच्या आधी आणा."

 शेजारच्या एकीनं नदीकडं पाहत तोंडाला पदर लावला. निशांत बाबुलालकडं पाहत होता.

"डोंगी चांगली आहे म्हणते," बाबुलाल म्हणाला. "पोरीचं बाळंतपण आहे, पण ते पावसाच्या आधीच होऊन जाईन म्हणते."

गरज नाही तिथं बोट लादायची नाही, असं म्हणून निशांतनं परतताना बाबुलालचे आभार मानले. त्याची बोट नदीच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या घाटावर गेली.

श्रावणात नदी फुगली आणि करिश्माच्या कळा सुरू झाल्या. माणसांनी तिला बाजेवर घालून पलीकडच्या काठावर आणलं, हाका मारल्या. बाबुलालनं डोंगी सोडली. भित्रा तो नव्हता, एवढं त्याच्या बाजूला जमा धरावं लागेल. धारेनं त्याला गरकन फिरवून खाली फेकलं. झुडपं धरत तो वर आला, पुन्हा सोडली, पुन्हा फेकला गेला, आणि त्यात वल्हंही गेलं. मग तो काठावर बसून राहिला. पलीकडं बाजेवर धरलेली निळी ताडपत्री दिसत होती. वारा फिरला की खालच्या घाटाचं इंजिन ऐकू यायचं. तिकडं निरोप द्यायचा तर मधला नाला भरलेला.

पाणी उतरल्यावर तो पलीकडं गेला. ताडपत्री आता बाजेवर डोक्यापासून पायापर्यंत ओढलेली होती. त्याला कोणी बोल लावला नाही. बुधरी नदीकडं पाठ करून बसली होती.

सुगीला तिच्या घरचं धान आलं, नेहमीसारखं भरून. बाबुलालनं ते घेतलं. परत करायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

उन्हाळ्यात निशांत पुन्हा आला. दुसऱ्या बोटीचे पैसे जमले होते, आणि मधल्या माणसावर विसंबायचं नाही, एवढं तो शिकला होता. या वेळी त्याच्यासोबत सुनिल नावाचा, गोंडी बोलणारा मास्तर होता. बाबुलालनं दोघांना घाटावरच गाठलं.

"इथीच आणा साहेब. लागते बोट."

खालच्या घाटावर बोट चालवणाऱ्याला पगार मिळतो, ही बातमी इथवर पोचलेली दिसते, असं निशांत हसत सुनिलला म्हणाला. बाबुलालनं ते ऐकलं. निशांतच्या जागी तो असता तर त्यानंही हाच हिशेब केला असता.

गावात पुन्हा तेच. डोंगी चांगली आहे. बुधरीनं तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "चांगली आहे, चांगली आहे," म्हणत तिनं हात जोडले, तेही नदीच्या दिशेला.

बाबुलालला राहवलं नाही. सगळ्यांसमोर तो गोंडीत म्हणाला, "बाई, बोट आली नाई ते माझ्यापायी. तू बोलली होती ते मी या साहेबाले सांगितलंच नाई."

सुनिलनं ते निशांतला सांगितलं. निशांतनं बुधरीला विचारायला लावलं, मागल्या वर्षी तुम्ही बोट मागितली होती का? ती मान हलवत राहिली. नाई, मी असं काही बोलली नाई.

मग फुटकी डोंगी पाहावी तसं निशांतनं बाबुलालकडं पाहिलं. गाव एक सांगतं आणि नावाडी दुसरं. वापरणाऱ्यांचं धरायचं, मधल्याचं नाही. ते दोघं घाटाच्या वाटेला लागले.

बुधरीनं बाबुलालला मागं थांबवलं. आवाज अगदी खाली होता.

"तू काऊन आपल्यावर घेऊन राह्यला? त्याले तू सांगितलं नसशीन. पण मी बोलली होती न. नदीले दुभाष्या लागत नाई."

तो घाटाकडं निघाला. 

घाटावर निशांत न विचारता, बुटांसकट चढला. बाजाराला निघालेल्या लच्छूच्या सुनेनं आधी टोपली आत ठेवली, मग एक हात पोटावर धरून जपून पाय टाकला. बाबुलालनं डोंगी सोडली.